चिठ्ठीवरचं नाव

वऱ्हाडातल्या बहुतेक घरांत आता किराण्याच्या यादीसोबत दुसरी एक यादी असते. बीपीची गोळी, शुगरच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक, थायरॉइडची एक, आणि कुणाला अटॅक येऊन गेला असेल तर रक्त पातळ ठेवणारी. कापूस-सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा, दिवाळीच्या आगेमागे हातात येतो. गोळीचा पैसा मात्र दर महिन्याला लागतो. उधारीचा महिना आला की माणूस कुणालाही न विचारता एक उपाय करतो, आणि तोच सगळ्यांत घातक ठरतो: रोजची गोळी एक दिवसाआड घेतो. त्यातून लकवा येतो, किडनी बसते. मग जो खर्च अंगावर पडतो त्यापुढे गोळ्यांचे पैसे काहीच नसतात.

अमरावतीत इर्विन चौकाच्या आसपास आणि अकोल्यात रतनलाल प्लॉटकडे दवाखाने दाटीवाटीने आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी मेडिकल. अलीकडे या दुकानांवर सवलतीच्या पाट्या वाढल्यात. कुठे पंधरा टक्के, कुठे वीस, तर ‘जेनेरिक’ लिहिलेल्या पाटीखाली पन्नास ते ऐंशी. गिऱ्हाइकाला प्रश्न पडतो की इतकी सूट देणं परवडत असेल तर मूळ किंमत खरी किती होती? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर शोधता येतं.

आपल्या देशात एकाच औषधाची तीन रूपं बाजारात फिरतात. पहिलं कंपनीचं ब्रँडवालं. ते डॉक्टरांपर्यंत पोचवायला कंपनी एमआर, म्हणजे आपले विक्री प्रतिनिधी, नेमते, परिषदा भरवते आणि हा सगळा खर्च किमतीत धरते. दुसरं व्यापारी जेनेरिक. यासाठी एमआर नाही, जाहिरात नाही. कंपनी ते थेट ठोक व्यापाऱ्याला आणि दुकानदाराला स्वस्तात विकते. पाकिटावरची छापील किंमत मात्र पुष्कळदा ब्रँडच्या आसपासच ठेवलेली असते. तिसरं जनऔषधी केंद्रातलं, ज्याची छापील किंमतच कमी असते.

यातला दुसरा प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण आपल्या शहरांतल्या ‘जेनेरिक’ पाट्यांखाली बहुधा तोच असतो. २०११ साली ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’मध्ये एक अभ्यास छापून आला. संशोधकांनी पाच नेहमीची औषधं घेतली आणि प्रत्येकाची दोन रूपं तपासली. दोन्ही एकाच कंपनीची, एक ब्रँडचं आणि एक व्यापारी जेनेरिक. गुणवत्तेत दोन्ही रूपं मानकांत बसली. फरक होता दुकानदाराच्या वाट्यात. ब्रँडच्या गोळीवर त्याला २५ ते ३० टक्के सुटत होते. त्याच कंपनीच्या जेनेरिकवर २०१ टक्क्यांपासून १०१६ टक्क्यांपर्यंत. म्हणजे जेनेरिक स्वस्त होतं, पण कुणासाठी? छापील किमतीवर दहा टक्के सूट मिळाल्याचं समाधान घेऊन घरी जाणाऱ्या माणसासाठी नक्कीच नाही.

म्हणून सवलतीच्या टक्केवारीवर जाऊ नये. एका गोळीला अखेर किती रुपये मोजले, एवढंच बघावं. ‘फार्मा सही दाम’ या सरकारी ॲपवर औषधाचं नाव टाकलं की वेगवेगळ्या ब्रँडच्या किमती दिसतात. ‘जनऔषधी सुगम’वर जवळचं केंद्र आणि तिथली किंमत कळते. घरातल्या नातवाला दहा मिनिटं बसवलं तर आजीची सगळी यादी तपासून होते.

जनऔषधीची योजना २००८ साली सुरू झाली, पहिलं दुकान अमृतसरला उघडलं. पुढची काही वर्षं ती रखडलेलीच होती. २०१५नंतर तिला वेग आला आणि आता देशभरात पंधरा हजारांवर केंद्रं आहेत. तिथली किंमत ठरवायचा नियम साधा आहे: त्या औषधाच्या पहिल्या तीन ब्रँडांच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त किंमत ठेवायची नाही. प्रत्यक्षात ती पुष्कळदा याहूनही बरीच खाली असते. यादीतल्या बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तिथून घेणाऱ्या घराचं महिन्याचं बिल निम्म्याखाली येणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अडचण वेगळीच आहे. यादीत दोन हजारांवर औषधं असली तरी केंद्राच्या फळीवर ती सगळी नसतात. या महिन्यात मिळालेली गोळी पुढच्या महिन्यात संपलेली असते. दर्यापूरकडच्या गावातून एसटीने आलेला माणूस दोन फेऱ्या मारत नाही. तो समोरच्या मेडिकलमधून ब्रँडची गोळी घेतो आणि पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही.

पण ही झाली दुकानाची बाजू. खरी गाठ दुकानात नाही, चिठ्ठीत आहे.

फार थोड्या लोकांना ठाऊक असलेला एक नियम सांगतो. औषध व प्रसाधन नियमावलीतल्या नियम ६५नुसार, डॉक्टरने चिठ्ठीवर एखाद्या ब्रँडचं नाव लिहिलं असेल, तर फार्मासिस्टला त्या जागी दुसरी गोळी देता येत नाही, आतलं औषध तेच असलं तरीही. शेड्यूल एच आणि एक्समधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांना हा नियम लागू आहे. डी.फार्म किंवा बी.फार्म झालेला, औषधांचं शिक्षण घेतलेला माणूस काउंटरमागे उभा असतो आणि समोरच्या माणसाला ‘काकाजी, हेच औषध निम्म्या पैशात आहे’ असं सांगून ते देणं त्याला कायद्याने मना आहे. जगातल्या बऱ्याच देशांत फार्मासिस्टला ही मुभा असते, काही ठिकाणी तर तसं करणं बंधनकारक असतं. आपल्याकडे दारं बंद ठेवून किल्ली एकाच हातात दिली आहे, आणि तो हात डॉक्टरचा.

मग डॉक्टरने औषधाचं मूळ नाव का लिहू नये? नियम तसा सांगतोच. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या आचारसंहितेत जेनेरिक नाव लिहिण्याची सूचना होती. २०१६ साली ती आणखी स्पष्ट केली, नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं असं म्हटलं. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम आणले आणि जेनेरिक नाव न लिहिल्यास कारवाईची तरतूद केली. इंडियन मेडिकल असोसिएशनने जोरदार विरोध केला आणि तीन आठवड्यांच्या आत नियमांना स्थगिती मिळाली. डॉक्टरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मूळ नाव लिहिलं तर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हा निर्णय माझ्याकडून दुकानदाराकडे जाईल, आणि तो ज्यात जास्त सुटतं तीच देईल, असं ते म्हणतात. वरचा २०११चा अभ्यास वाचल्यावर ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण या भीतीवर उपाय आहे: व्यापारी जेनेरिकच्या छापील किमतीला लगाम घालावा. तो लगाम घालायची मागणी करण्यापेक्षा जुनीच व्यवस्था चालू ठेवणं सगळ्यांना सोयीचं पडलं, आणि सोयीची किंमत रुग्ण देत राहिला.

दुसरंही एक कारण आहे आणि ते बोलायला अवघड वाटतं. कंपन्या डॉक्टरांना भेटी देतात, त्यांचा प्रवास, परिषदा यांचा खर्च करतात. फेब्रुवारी २०२२मध्ये ॲपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असा खर्च कंपनीला करातून वजा करता येणार नाही. या भेटींचा पैसा अखेर औषधाच्या किमतीतून रुग्णाकडूनच वसूल होतो, हेही न्यायालयाने नोंदवलं. अमरावती-अकोल्यात असे कितीतरी डॉक्टर आहेत जे गरीब रुग्ण दिसला की सँपलच्या गोळ्या ड्रॉवरमधून काढून देतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण पंधरा दिवसांच्या फुकट गोळ्यांनंतर पुढची वीस वर्षं चिठ्ठीवर तोच महाग ब्रँड राहिला, तर त्या मायेचा हिशेब कसा लावायचा?

हा वाद नवा नाही. १९७५ साली जयसुखलाल हाथी समितीने ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने बंद करावीत असं सुचवलं आणि सुरुवातीला १३ औषधांची यादीही दिली. पुढे सरकारने थोड्या औषधांपासून सुरुवात करायचं ठरवलं, कंपन्या कोर्टात गेल्या आणि गाडं तिथेच रुतलं. त्याच काळात किमतींवर सरकारचा वचक मात्र होता. १९७९च्या किंमत नियंत्रण आदेशाने ३४७ मूळ औषधांच्या किमती बांधल्या होत्या आणि त्या उत्पादनखर्चावरून ठरत. १९९५पर्यंत हा आकडा ७४वर आला. २०१३च्या आदेशाने अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतली सगळी औषधं पुन्हा नियंत्रणाखाली आणली, पण रीत बदलली. आता खर्च बघत नाहीत. बाजारात एक टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्या ब्रँडांच्या किमतीची सरासरी काढतात, त्यात किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळवतात, आणि ती कमाल किंमत ठरते. महाग ब्रँडांचीच सरासरी काढली तर ती महागच येणार. शिवाय घाऊक भावाच्या निर्देशांकाप्रमाणे दर एप्रिलला ही कमाल किंमत हलते. २०२२ साली ती एकदम पावणेअकरा टक्क्यांनी वर गेली होती. यादीबाहेरच्या औषधांना तर वर्षाला दहा टक्के वाढ कुणालाही न विचारता करता येते.

यादीतून निसटायची वाटही कंपन्यांनी शोधून ठेवली आहे: जोडगोळी. शुगरची मेटफॉर्मिन एकटी असेल तर तिची किंमत बांधलेली. तिच्यात ग्लिमेपिराइड आणि आणखी तिसरं काही मिसळलं की ते वेगळं उत्पादन होतं, आणि अशी बरीचशी मिश्रणं यादीत नसतात. काही मिश्रणं उपयोगाची आहेत, गोळ्यांची संख्या कमी झाली की म्हातारी माणसं त्या नीट घेतात. पण पुष्कळ मिश्रणांना वैद्यकीय आधारच नाही. सरकारने २०१६ साली अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, कोर्टबाजीनंतर २०१८ साली ३२८वर, आणि २०२४ साली आणखी १५६वर. चिठ्ठीवर तीन औषधांची एक गोळी असेल तर ‘डॉक्टरसाहेब, ह्या गोळ्या वेगवेगळ्या घेतल्या तर चालतील का?’ एवढं विचारायला हरकत नाही. सुट्या गोळ्या जनऔषधीत मिळायची शक्यता जास्त असते.

पेटंटचं प्रकरण लोकांना आपल्यापासून फार दूरचं वाटतं. ते दूरचं नाही. शुगर आणि हृदयाच्या रुग्णांना आता सर्रास दिली जाणारी एम्पाग्लिफ्लोझिन घ्या. ११ मार्च २०२५पर्यंत तिच्यावर पेटंट होतं आणि एका गोळीला साठ रुपयांच्या आसपास पडत. पेटंट संपताच डझनावारी भारतीय कंपन्या बाजारात उतरल्या आणि काहींनी तीच गोळी दहा रुपयांच्या आत आणली. महिन्याच्या अठराशे रुपयांचे तीनशे झाले. पण ही बातमी रुग्णाला कोण सांगणार? त्याच्या हातातली चिठ्ठी जुनी, तिच्यावरचा ब्रँड जुना, फार्मासिस्टला बदलायची मनाई. सहा महिन्यांनी तपासणीला जाणारा माणूस सहा महिने जुनीच किंमत मोजतो, आणि तपासणीत ‘गोळ्या त्याच चालू ठेवा’ असं म्हटलं गेलं तर त्यापुढेही. डापाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टिकाग्रेलॉर यांचीही पेटंटं गेल्या काही वर्षांत संपली आहेत. ज्यांच्या घरी यातली एखादी गोळी चालू आहे त्यांनी ती कोणत्या कंपनीची येते आणि काय पडते, हे आजच बघावं.

पेटंट चालू असतानाही किंमत पाडता येते, हे मुंबईतल्या एका निर्णयाने दाखवलं. मार्च २०१२मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयात देशातला पहिला सक्तीचा परवाना मंजूर झाला. औषध होतं किडनी आणि यकृताच्या कॅन्सरवरचं सोराफेनिब. बायर कंपनीच्या ब्रँडची महिन्याची किंमत होती सुमारे २ लाख ८० हजार रुपये. हैदराबादच्या नॅटकोला ते ८,८८० रुपयांत विकायची परवानगी मिळाली. त्यानंतर तसा दुसरा परवाना या देशात निघालेला नाही. कायद्यात तरतूद आहे, ती वापरायची हिंमत एकदाच झाली, हे दुःखदायक आहे.

आता गुणवत्तेचं बोलू, कारण वऱ्हाडात जेनेरिक म्हटलं की पहिला सवाल तोच येतो. ‘मले जुन्याच गोया पाह्यजे’ असं म्हणणारी आजी हट्टी नसते. स्वस्त ते खोटं असा तिचा जन्मभराचा अनुभव असतो. आणि खोटी औषधं सापडलीही आहेत. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात पुरवलेली प्रतिजैविकं बनावट निघाली. तपासाचा माग हरिद्वारपर्यंत गेला आणि गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर व स्टार्च असल्याचं पोलिसांनी आरोपपत्रात म्हटलं. ही सरकारी पुरवठ्यातली गोष्ट. पण सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलं दगावली, तेव्हा ते सिरप ‘कोल्ड्रिफ’ या ब्रँडच्या नावानेच विकलं जात होतं, आणि त्यातली कितीतरी लेकरं उपचारासाठी नागपूरला आणली होती. ब्रँडचं नाव हा गुणवत्तेचा दाखला नाही, आणि जेनेरिक असणं हा खोटेपणाचाही नाही. गुणवत्ता तपासणीतून येते. जनऔषधीच्या औषधांची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मग केंद्रात जाते. एप्रिल २०१७पासून पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या नव्या जेनेरिकांना ती शरीरात मूळ औषधाइतकीच पोचतात हे सिद्ध करावं लागतं. त्याआधी बाजारात आलेल्या बऱ्याच जेनेरिकांना ही चाचणी लागू नव्हती, आणि राज्यांकडे औषध निरीक्षक नेहमीच अपुरे असतात. जेनेरिकवर विश्वास वाढवायचा तर पैसा इथे घालावा लागेल.

एक सावधगिरी मात्र प्रत्येकाने ठेवावी. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, फिट्सची फेनिटॉइन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, किडनी बदललेल्या रुग्णांची औषधं, यांत कंपनी बदलली तर रक्ततपासणी करून मात्रा पुन्हा बघावी लागते. स्वतःच्या मनाने बदलू नये. तसंच, मोठ्या मात्रेची गोळी घेऊन अर्धी करणं काही गोळ्यांत स्वस्त पडतं, पण हळूहळू विरघळणारी किंवा आवरणाची गोळी मोडली तर ती बिघडते. हेही डॉक्टरला विचारूनच.

मुळात औषध विकत घ्यायची वेळच येऊ नये, असा एक रस्ता महाराष्ट्रात कागदावर खुला आहे. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी, उपचार आणि औषधं मोफत आहेत. केसपेपरचे पैसेही नाहीत. अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला सगळं गाव अजून इर्विन म्हणतं, तेव्हा त्यात येत होतं. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तिथली व्यवस्था निराळी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भरती झालेल्या रुग्णाला मोठी मदत मिळते, पण बाह्यरुग्णाच्या रोजच्या गोळीला नाही. ॲटॅक आला तर योजना पैसे देते. ॲटॅक येऊ नये म्हणून लागणारी गोळी आपल्या खिशातून. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोट-तेल्हारा-दर्यापूरकडे, किडनीच्या रुग्णांची ही फरफट घरोघर दिसते: डायलिसिस योजनेतून होतं, पण त्यामधल्या दिवसांची इंजेक्शनं आणि गोळ्या घरच्यांनीच आणायच्या असतात. सप्टेंबर २०२५मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२वरून ५ टक्के झाला. त्याने शंभर रुपयांमागे सव्वासहा रुपये वाचतात. वाचले ते बरंच झालं, पण दुखणं त्याहून कितीतरी मोठं आहे.

किंमत खरी पडते ती कुणी अनेकांसाठी मिळून खरेदी करतं तेव्हा. तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. मूळ नावाने निविदा, प्रयोगशाळेत तपासणी, जिल्ह्याजिल्ह्याला गोदाम. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११पासून त्याच वाटेने मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने २०१७ साली खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, ती रेंगाळली, आणि २०२३ साली वेगळं प्राधिकरण कायद्याने उभं केलं. उशीर झाला, जवळपास तीस वर्षांचा. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडने तर देशभरच्या रुग्णालयांसाठी ४० औषधांचा एकत्र भाव ठरवून घेतला आणि ८२ टक्के बचत केली. आणि इतकं लांब जायलाही नको. वर्ध्याला, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. एस. पी. कलंत्री यांच्या पुढाकाराने जेनेरिक औषधं थेट घेऊन रुग्णांना कमी दरात द्यायची व्यवस्था उभी राहिली. तिथे डॉक्टर, दुकान आणि खरेदी एका छताखाली आहेत, चिठ्ठीवर मूळ नाव येतं आणि त्याच नावाची तपासलेली गोळी मिळते. डॉक्टरांनी जी भीती २०२३ साली बोलून दाखवली, तिला जागाच उरत नाही. अमरावतीत आणि अकोल्यात ट्रस्टची, सहकारी, मोठी खासगी रुग्णालयं आहेत, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत. पाच-सहा रुग्णालयांनी मिळून पन्नास औषधांची यादी ठरवायची आणि एकत्र खरेदी करायची, याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

मेळघाटात गोष्ट आणखी निराळी आहे. धारणीपासून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, घाटाचा रस्ता. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी दोन रुपये फी घेऊन वर्षानुवर्षं रुग्ण तपासले, उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ने रुग्णालय चालवलं. तिथल्या कोरकू म्हाताऱ्याला बीपीची गोळी जनऔषधीत किती रुपयांना मिळते हे सांगून उपयोग नाही. ती आणायला जाण्याचं भाडंच गोळीपेक्षा जास्त. त्याच्यासाठी उपकेंद्रात तीच गोळी एका वेळी दोन महिन्यांची मिळाली पाहिजे, आणि पावसाळ्यात रस्ते बंद व्हायच्या आधी चार महिन्यांची. जूनच्या पहिल्या आठवड्यात धारणी आणि चिखलदऱ्याच्या उपकेंद्रांत बीपी-शुगरच्या किती गोळ्या शिल्लक आहेत, हा आकडा जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीने दरवर्षी मागावा आणि पंचायत समितीच्या फळ्यावर लावावा.